गादीतली गाठ

दुपारचं जेवण झालं की नगरातल्या माझ्या घराच्या मागच्या खोलीत मी लॅपटॉप उघडून बसते आणि जिल्हाभरची माणसं माझ्याकडे यायला लागतात. येतात म्हणजे त्यांचे चेहरे येतात. पाय कुणाचेच येत नाहीत. निम्मं आयुष्य दवाखान्यात लोकांच्या नाड्या धरण्यात गेलं, मग गुडघ्यांनी संप पुकारला, तेव्हापासून मी एका संस्थेसाठी व्हिडिओ कॉलवर पेशंट तपासते. 'तपासते' हा शब्दही उसनाच. हात लावता येत नाही, पोट दाबून बघता येत नाही. समोरचा जे सांगेल आणि तो चौकोन जेवढं दाखवेल, त्यावर भागवायचं.

त्यातून माझ्या वाट्याला येतात ती बहुतेक अशी माणसं, ज्यांना आपलं दुखणं सांगताच येत नाही. शाळेनं पहिलीतच घरी पाठवलेली, लग्नकार्यात मागच्या खोलीत बसवलेली, आईबापांच्या काळजाला कायमचा घोर लावलेली. त्यांना पूर्वी मतिमंद म्हणायचे, तो शब्द मला आवडत नाही. आता कागदोपत्री 'बौद्धिक अक्षमता' म्हणतात, तो उच्चारून होईपर्यंत पेशंट उठून जातो. मी आपली त्यांना सावकाश माणसं म्हणते. मी स्वतः अजिबात सावकाश नाही. माझ्या तोंडाला लगाम नाही असं माझी आई म्हणायची, आणि पुढे सासूबाईंनी त्याला दुजोरा दिला.

दुपारच्या त्या वेळी खोलीत झोप भरून राहिलेली असते. पंख्याची घरघर, कुणाच्या तरी कुकरची उशिराची शिट्टी, पडद्यातून गाळून आलेला हिरवट उजेड. जामखेडकडची एखादी आजी समोर येते, तिच्या मागे ऊन इतकं पांढरं असतं की चेहरा दिसतच नाही, नुसता आवाज येतो. राहुरीकडचा एखादा बाप लेकीला जवळ घेऊन उसाच्या बांधावर बसलेला असतो, कारण रेंज तिथंच मिळते, आणि तो बोलत असताना मागे सगळा ऊस हलत असतो. कॉल संपला की ते ऊन आणि तो बांध विझतो आणि मी परत माझ्या खुर्चीत असते. कधी दोन कॉलच्या मधे माझा डोळा लागतो, आणि मी त्याच घरांतून हिंडत असते, कुणाच्या तरी ओट्यावर बसून चहा घेते. जागी झाल्यावर त्या चहाची चव जिभेवर असते. माझी मुलगी म्हणते, वय झालं. असेल.

अशाच एका दुपारी काष्टीचे गादीवाले समोर आले.

गावातल्या मोठ्या रस्त्यावर त्यांचं दुकान, दुकानामागेच घर. थोरला भाऊ चाळिशीचा, कापूस पिंजण्याचं मशीन तो चालवायचा. धाकटा तिशीचा. जन्मापासून सावकाश. त्याचं काम गाद्या भरायचं, आणि थोरला म्हणाला तसं, ह्याच्यासारखी गादी भरणारा तालुक्यात न्हाई. म्हातारी आई मागे खाटेवर बसलेली. डोक्यावरून पदर, हातात पंखा. मोबाईल त्यांनी गाद्यांच्या थप्पीला टेकवून ठेवला होता, त्यामुळे सगळं दुकान मला जरा तिरकं दिसत होतं. आणि त्या तिरक्या दुकानात कापूस तरंगत होता. मशीन बंद केलं तरी तो खाली बसत नव्हता. बारीक बारीक पुंजके उन्हाच्या पट्ट्यात शिरत, तिथं थोडं थांबत, आणि पलीकडच्या सावलीत जाऊन नाहीसे होत. मी पेशंटकडे बघायचं सोडून तिकडेच बघत राहिले.

"मॅडम, ह्याची गोळी वाढवून द्या," थोरला म्हणाला. नमस्कार वगैरे काही नाही.

"कुठली गोळी?"

त्यानं पाकीट मोबाईलसमोर धरलं. शांत करणारी, गुंगी आणणारी गोळी होती. झालं होतं असं, की काही महिन्यांपासून धाकटा काम करेनासा झाला होता. भरलेली गादी उचलायला सांगितली की ओरडायचा. दिवसभर नव्या गादीवर आडवा पडून राहायचा. हाताला धरून उठवलं की आणखी ओरडायचा, एकदा थोरल्याच्या हाताला चावला. मग त्याला एका डॉक्टरकडे नेलं. तिथं त्यानं अंगाला हात लावू दिला नाही, टेबलावरून उडी मारून पळाला. डॉक्टरांनी ही गोळी लिहून दिली. आता ती पुरत नव्हती.

"लई आळशी झालाय," थोरला म्हणाला. "पयले असा नव्हता. डोकं फिरलंय त्याचं."

"नजर लागलीया मॅडम," मागून आई म्हणाली.

धाकटा त्या वेळीही आडवाच होता. कमरेखाली गादीची एक घडी घेतलेली, तोंड वर, डोळे उघडे. अंगात थोरल्याचा असावा इतका ढगळ शर्ट. डोक्यावर पांढरी विणलेली टोपी. त्याच्या तोंडावर कापसाचे पुंजके उतरत होते आणि तो ते फुंकून पुन्हा वर पाठवत होता. खरं सांगायचं तर मला त्याचा हेवा वाटला.

मी त्याला हाक मारली. तो हळूहळू वळला आणि मोबाईलकडे बघून हसला. हसू अगदी स्वच्छ होतं, पण डोळ्यांखाली काळं होतं आणि गालफडं बसली होती.

"तुझं डोकं दुखतं का?"

"व्हय," तो म्हणाला.

"पोट दुखतं का?"

"व्हय."

"आज सकाळी तू घोड्यावर बसून श्रीगोंद्याला गेला होतास का?"

"व्हय."

थोरला हसला. मला हसू आलं नाही. माझी सावकाश माणसं 'व्हय' फार म्हणतात. ते खोटं नसतं. ज्याला जन्मभर लोकांनी भराभर प्रश्न विचारले आणि उत्तराची वाट न बघता पुढचा विचारला, त्याला एवढं कळलेलं असतं, की 'व्हय' म्हटलं की समोरचा गप्प होतो. आपणही लग्नाच्या पंगतीत आग्रह करणाऱ्याला असंच म्हणतो.

म्हणून मी होय-नाहीचे प्रश्न सोडले. "तुला काय होतंय, मला दाखव," म्हणाले. तेवढ्यात थोरला म्हणाला, "काय न्हाई हुत त्याला." आई म्हणाली, "जेवन कमी झालंय. काल उलटी झाली." मग दोघं एकदम बोलायला लागले. एक म्हणतो खातो, एक म्हणते खात नाही. धाकटा एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होता. शेवटी त्यानं तोंड फिरवलं आणि पुन्हा कापूस फुंकायला लागला.

"एकेकानं बोला," मी ओरडले, "आणि ज्याला त्रास होतोय त्यानं आधी!"

आईनं पदर आणखी पुढे ओढला. मलाच वाईट वाटलं, पण शब्द गेला तो गेला.

गोळी मी वाढवली नाही. उलटीचं ऐकून माझ्या मनात पाल चुकचुकली होती. थोरल्याला मी सांगितलं, गोळीनं तो ओरडायचा थांबेल, दुखणं काही थांबणार नाही. काय होतंय ते आधी कळू दे. उद्या दुपारी परत बोलू, आणि तोवर पुन्हा उलटी झाली तर सरळ दवाखाना गाठायचा. त्यानं मान हलवली, पण त्या हलण्यात काही जीव नव्हता. मला स्पष्ट दिसत होतं, की उद्या मला काही कळलं नाही तर हा माणूस दुसरीकडून गोळी वाढवून आणणार. तो दुष्ट होता म्हणून नाही. दुकान चालवायचं, म्हातारी सांभाळायची, आणि रोज सख्ख्या भावाचं ओरडणं ऐकायचं, यानं तो थकला होता. गोळी वाढली की धाकटा गप्प होणार होता. आणि एकदा तो गप्प झाला, की त्याच्या आत काय चाललंय ते कुणालाच कधी कळणार नव्हतं.

त्या संध्याकाळी मी देवासमोर बसले तेव्हाही माझ्या डोळ्यांपुढे कापूसच होता. मला भीती वाटत होती. हात लावता आला असता तर एका मिनिटाचं काम होतं, हे मला पुन्हा पुन्हा टोचत होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांचा कॉल आला तेव्हा मी आधीच सांगितलं, आज मी फक्त धाकट्याशी बोलणार. तुम्ही दोघं बसा, पण तोंडाला कुलूप. थोरला मशीनच्या मागे जाऊन बसला. आई खाटेवर होतीच. मोबाईल खाली, गादीच्या बरोबरीला ठेवायला लावला. त्यामुळे आता मीसुद्धा आडवी पडले आहे असं मला वाटायला लागलं. वर पत्र्याचं छत, त्यातल्या एका भोकातून आलेला उन्हाचा दांडा, आणि त्यात तोच कालचा कापूस.

तो फुंकत होता, मी बघत होते. मग एक पुंजका मोबाईलवर येऊन बसला आणि माझं सगळं आभाळ पांढरं झालं.

"मला काही दिसेना," मी म्हणाले. त्यानं बोटानं तो अलगद काढला आणि हसला.

"ही गादी कुणाची?" मी विचारलं.

"पाव्हन्याची," तो म्हणाला. "लग्नाची हाय."

"चांगली झालीये का?"

"न्हाई," तो म्हणाला.

मी दचकले. इतका वेळ ज्याच्या तोंडून 'व्हय'शिवाय काही निघालं नव्हतं, तो चक्क नाही म्हणाला होता.

"का रे?"

तो कुशीवर वळला, तळवा गादीवर ठेवला आणि हळूहळू फिरवायला लागला. कोपऱ्यातून मधे, मधून खाली. एका जागी हात थांबला. त्यानं तिथं दाबलं, बाजूला दाबलं, पुन्हा तिथं दाबलं. "हितं गाठ हाय," तो म्हणाला. "भाईनं भरली. झोपनाऱ्याला दुखंल." मशीनमागून थोरला काहीतरी पुटपुटला. मी डोळे वटारले, मोबाईलमधून वटारता येतात तेवढे.

माझ्या डोक्यात तेव्हा काय आलं ते मला नीट सांगता येणार नाही. दुपार होती, मी अर्धवट गुंगीत होते, आणि झोपेत जसं एक गोष्ट दुसरी होते तसं काहीसं झालं. मी विचारलं, "तुझ्याकडे लहान गादी आहे का? हलकी?"

पाळण्यातल्या बाळाची एक छोटी गादी तिथंच पडलेली होती, एक बाजू अजून शिवायची राहिलेली. त्यानं ती जवळ ओढली.

"ही गादी म्हणजे तू," मी सावकाश म्हणाले. "ह्या गादीत तुझी गाठ कुठंय?"

तो गादीकडे बघत राहिला. मी वाट बघितली. तो हलेना. पापणीही हलेना. कॉल लटकला असं वाटून माझा हात माऊसवर गेला, रेंज गेली की आम्ही कॉल तोडून पुन्हा लावतो. आणि मग मला दिसलं, की त्याच्या मागे उन्हात कापूस हलतोय. कॉल चालू होता. तो विचार करत होता. मी हात काढून मांडीवर ठेवला आणि गप्प बसले. गप्प बसणं मला जन्मात जमलेलं नाही, पण त्या दुपारी जमलं. पंखा घरघरत होता. कुठेतरी दूर, त्यांच्याकडे की माझ्याकडे कोण जाणे, एक कोंबडा अवेळी आरवला.

मग त्यानं डोक्यावरची टोपी काढली आणि बाळाच्या गादीच्या एका टोकाला ठेवली. ते डोकं झालं. टोपीपासून तळवा खाली सरकवत सरकवत आणला, मधल्या भागाच्या बराच खाली, एका कडेला. मूठभर कापूस घेतला, दोन्ही हातांत वळून त्याची गोळी केली आणि न शिवलेल्या बाजूनं हात घालून त्या जागी सरकवली. खोळीवर लिंबाएवढा उंचवटा आला. त्यानं गादी भिंतीला टेकवून उभी केली.

"गाठ आली," तो म्हणाला.

मग गादी आडवी केली, आत हात घातला, कापूस काढून घेतला आणि वर तळवा फिरवून सपाट केलं.

"गाठ गेली."

पुन्हा उभी केली, पुन्हा कापूस. "आली." पुन्हा आडवी. "गेली." असं तो करत राहिला, अगदी मन लावून, शाळेत पाटी दाखवावी तसं एकेकदा माझ्याकडे वळून. मग एकदा त्यानं गादी आडवी केली, पण कापूस काढला नाही. उंचवट्यावर दाबून बघितलं, जोरात दाबून बघितलं. त्याचं तोंड वाकडं झालं.

"आता जात न्हाई," तो म्हणाला. "झोपलं तरी जात न्हाई."

माझी झोप खाडकन उडाली. उभं राहिलं की येते, आडवं पडलं की जाते, जड उचललं की दुखते. अंतर्गळ. हर्निया. पोटाच्या भिंतीतल्या कमजोर जागेतून आतडं जांघेत उतरतं, आणि पडून राहिलं की परत आत जातं. म्हणून हा दिवसभर झोपून राहत होता, म्हणून कमरेखाली घडी घेत होता, म्हणून तो ढगळ शर्ट. कुणी शिकवलं नसताना त्यानं आपला इलाज आपणच शोधला होता. आणि जागा अशी, की आईसमोर दाखवायची नाही, भावाला सांगायची नाही, मोबाईलमधल्या परक्या बाईला तर नाहीच नाही. त्याला लाज होती. आम्हा कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं, की त्याला लाज असेल.

आणि आता ती आत जात नव्हती. त्यात उलटी. आतडं तिथं अडकून पिळवटलं तर माणूस हातचा जातो, आणि त्यासाठी फार वेळ लागत नाही.

मी आवाज शक्य तितका साधा ठेवला. आईला म्हणाले, "मावशी, तुम्ही जरा घरात जा." ती उठून गेली. थोरल्याला जवळ बोलावलं, आणि धाकट्याला विचारलं, "भाईनं बघितलं तर चालेल? मी बघणार नाही. मोबाईल वर करा, छताकडे." धाकटा पुन्हा बराच वेळ लटकला. मग म्हणाला, "भाईनं बघावं. तू न्हाई."

मोबाईल उताणा झाला. मला पत्रा दिसत होता, उन्हाचा दांडा दिसत होता, कापूस दिसत होता. शर्टाची खसखस ऐकू आली. मग थोरल्याचा आवाज, आणि तो पहिल्यांदाच हळू होता.

"हाय मॅडम. मोठी हाय." थोडं थांबून तो धाकट्याला म्हणाला, "आरं, कवाधरनं हाय ही? बोलला का न्हाईस रं?"

ह्याचं उत्तर धाकटा कितीतरी महिने देतच होता, आणि त्याला आम्ही आळस म्हणत होतो. मी थोरल्याला काहीही बोलले नाही. छताकडे बघताना मला त्याचं रडणं ऐकू येत होतं, तेवढं पुरेसं होतं. मी सांगितलं, खायला-प्यायला काही देऊ नका, आत्ताच्या आत्ता टेम्पो काढा, मागे गादी टाका, त्याला आडवा ठेवा आणि नगरला आणा. सर्जनशी मी बोलते. दुकान उघडंच टाकून ते निघाले.

त्याचं ऑपरेशन नीट झालं, हे आधीच सांगून टाकते. वाचणाऱ्याचा जीव टांगणीला लावायची मला हौस नाही. आता तो पुन्हा गाद्या भरतो, जड उचलायचं काम थोरला करतो, आणि गोळी बंद आहे. पण मला सांगायचंय ते ऑपरेशनच्या आधीचं.

संध्याकाळी मी काठी घेतली, रिक्षा केली आणि दवाखान्यात गेले. कितीतरी दिवसांनी मी एका पेशंटकडे पायांनी चालले होते. वॉर्डात तो खाटेवर आडवा होता, हाताला सलाइन, अंगावर दवाखान्याचा हिरवा झगा. टोपी उशाशी. तो माझ्या मनातल्यापेक्षा पुष्कळ उंच निघाला. त्याला पाय होते, आणि पावलांना भेगा होत्या. मी जवळ गेले, खाटेचा दांडा धरला, हसले.

"मला ओळखलंस का?"

"व्हय," तो म्हणाला.

ते 'व्हय' मला चांगलंच ठाऊक होतं. तो माझ्याकडे बघतच नव्हता. त्याची नजर दाराकडे होती, हात चादर चुरगाळत होते. सलाइन लावताना तो इतका ओरडला होता, की चौघांनी धरावं लागलं, असं थोरल्यानं मला कोपऱ्यात नेऊन सांगितलं. आता ऑपरेशनला आत कसा नेणार? सर्जन म्हणत होते, घाई आहे.

"अरे, डॉक्टर मॅडम आल्यात बघ की," थोरला म्हणाला.

धाकट्यानं माझ्याकडे एकदा पाहिलं. पिकलेले केस, काठी, साडी. डॉक्टर कशी असते ते त्याला माहीत होतं. ती तळहाताएवढी असते आणि भाईच्या मोबाईलमध्ये राहते. त्यानं मान फिरवली.

मला आधी राग आला आणि मग हसू फुटलं. मी वॉर्डाबाहेर गेले, दाराआडच्या भिंतीला टेकले आणि माझ्या मोबाईलवरून थोरल्याला व्हिडिओ कॉल लावला. आत रिंग वाजली. थोरल्यानं फोन धाकट्याच्या हातात दिला.

"डॉक्टर!" आवाज फोनमधूनही आला आणि भिंतीपलीकडूनही.

"हो, मीच," मी म्हणाले. "काय चाललंय?"

तो पडद्यावर लटकला. मी थांबले. मागे पंखा फिरत होता, म्हणजे कॉल चालू होता.

"मला भेव वाटतंय," तो म्हणाला.

कुणी खोदून न विचारता आतलं काही त्यानं सांगितलं, ते हे पहिलंच असावं. "वाटणारच," मी म्हणाले. मग त्याला एकेक सांगितलं. आता तुला चाकाच्या खाटेवर घेतील. आत पाठीत सुई देतील, ती टोचेल. मग पाय जड होतील. मग ते गाठ काढतील आणि टाके घालतील.

"दाभनानं?"

"नाही. लहान सुईनं."

"उठल्यावर दुखंल?"

"दुखेल. रोज थोडं कमी होईल."

"तू येनार?"

"दारापर्यंत," मी म्हणाले. खोटं बोलायचं नव्हतं.

चाकाची खाट आली. तो कुणाचाही हात न लागता स्वतः तिच्यावर सरकला, फोन छातीशी धरून. खाट व्हरांड्यातून निघाली. मी काठी टेकत मागून चालत होते, आणि माझा फोन मी पदराशी दाबून धरला होता, त्याला माझा आवाज दोन्हीकडून ऐकू येऊन तो गोंधळू नये म्हणून. दिवे एकामागून एक वरून सरकत होते. थोरल्याला औषधं आणायला खाली पिटाळलं होतं. ऑपरेशनच्या दारापाशी सिस्टरनं खाट थांबवली. "फोन आत चालणार नाही," ती म्हणाली, "कुणाकडे तरी दे."

त्यानं फोनकडे बघितलं. पदराशी दाबल्यामुळे त्याच्या पडद्यावर नुसता काळोख होता. त्यानं आजूबाजूला पाहिलं. भाऊ नव्हता. काठी टेकून उभी असलेली मी तेवढी होते. त्यानं मला जवळ यायची खूण केली आणि फोन माझ्या हातात ठेवला, दुसरा हात वरून झाकून, पिल्लू द्यावं तसा.

"ह्यात डॉक्टर हाय," तो हळूच म्हणाला. "अंधारात बसलीया. भ्याली ती. संभाळ तिला."

"संभाळते," मी म्हणाले.

तो आत गेला. दार लागलं, वरचा लाल दिवा पेटला, आणि मी हातात दोन फोन घेऊन तिथल्या बाकावर बसले. मी खरोखरच फार भ्याले होते.